लाल दऱ्या आणि बेडोकची वेळ

सुट्टीत अमेरिकेला जाऊन आलो म्हटलं की सिंगापुरातल्या आमच्या बेडोकच्या बाजारात भेटणारी माणसं आधी न्यूयॉर्कचं विचारतात. न्यूयॉर्क नाही हो, वाळवंटात गेलो होतो, भाड्याची गाडी घेऊन दोन आठवडे लाल दगडांच्या दऱ्या बघत हिंडलो, असं सांगितलं की समोरचा भेंडीकडे वळतो. आमच्या शेजारच्या चिनी आंटीने तर तोंडावरच विचारलं, "फ्लाय सो फार, सी स्टोन ओन्ली आह?"

तिचं काही चुकलं नाही. पण मी म्हसवडकडची. आमच्या माणदेशात पाऊस घाईतल्या पाहुण्यासारखा येतो, चहासुद्धा न घेता जातो. उघडे माळ, मेंढरं, बाभळी आणि नजर पोचेल तिथवर दुसरं काही नाही. सिंगापुरात पहिल्यांदा उतरले तेव्हा इथली हिरवळ बघून जीव सुखावला होता. पहिली दोन वर्षं. मग लक्षात आलं की इथं लांबचं काहीच दिसत नाही. कुठल्याही दिशेला बघा, समोर उंच इमारतींचे ब्लॉक. नजर जाऊन आपटते आणि परत येते. चौदा वर्षांत मला कशाची ओढ लागली असेल तर ती आंब्यांची नाही, सणावारांची नाही, कोरड्या रिकाम्या जमिनीची. हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

आमचे हे जहाजावर चीफ इंजिनिअर. सहा महिने समुद्रावर, तीन महिने घरी, असा आमचा संसार. मी नोव्हेनातल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर दुसऱ्यांचे गुडघे वाकवायचे आणि घरी येऊन केतकीचा अभ्यास, बिलं, गळके नळ हे सगळं एकटीने बघायचं. केतकी आमची मुलगी, बारा वर्षांची. तिला एक सवय आहे. बाबा समोर बसलेले असले तरी ती परवानगी मला मागते. आणि चुकून बाबांना विचारलंच, तर ह्यांचं उत्तर ठरलेलं, "आईला विचार." घरात पाहुण्याने जितक्या अदबीने वागावं तितक्या अदबीने हे राहतात. भांडी कुठल्या कपाटात ठेवायची तेसुद्धा विचारून ठेवतात. लोक म्हणतात, काय गुणाचा नवरा. मला कधीकधी वाटतं, दोन कपबश्या फोडाव्यात त्यांनी, पण हक्काने फोडाव्यात.

ह्यांची आणखी एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्याशी बांधलेलं आहे. जहाज पूर्वेकडून पश्चिमेला निघालं की जहाजावरची घड्याळं दर एकदोन दिवसांनी मागे घेतात. सगळे खलाशी आपापली मनगटं जुळवून घेतात. हे घेत नाहीत. लग्नात माझ्या वडिलांनी दिलेलं घड्याळ ह्यांच्या हातात आहे आणि ते कुठल्याही समुद्रावर बेडोकची वेळ दाखवतं. "ते बघितलं की कळतं," असं हे एकदा म्हणाले होते, "आत्ता तू केतकीला बसवर सोडते आहेस, आत्ता तू डाळ शिजायला लावलीस." घरची वेळ म्हणतात त्याला.

यंदा मे महिन्यात कंपनीने ह्यांना विचारलं. इथल्याच अलेक्झांड्रा भागातल्या ऑफिसात सुपरिंटेंडंटची जागा होते आहे, येता का? अधूनमधून एखाद्या जहाजावर जावं लागेल, पण एरवी सकाळी एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने जायचं आणि संध्याकाळी घरी जेवायला. साहेब जूनमध्ये परदेशी जाणार होते. ते निघायच्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, त्यांना फोन करून हो किंवा नाही सांगायचं. तो शुक्रवार नेमका आमच्या सहलीच्या शेवटाकडे येत होता. "तिकडे मोकळ्यात विचार करतो," हे म्हणाले. मी मनाशी ठरवलं की या विषयावर एक अक्षर काढायचं नाही. चौदा वर्षं ज्याची वाट पाहिली ते मागून मिळालेलं मला नको होतं. ह्यांना आपणहून वाटायला हवं होतं.

लॉस एंजेलिस ते झायन

विमानतळावर सामानाची वाट बघत उभे होतो तेव्हा मी बघितलं, हे मनगटावरच्या घड्याळाची किल्ली ओढून काटे फिरवत होते. मला खरंच वाटेना. "अहो, हे काय?"

"इथली वेळ लावतोय. घर इथंच आहे ना सगळं."

एवढंच म्हणाले आणि पट्ट्यावरून फिरत येणारी बॅग उचलायला वाकले. मी मात्र तिथंच मनात गुढी उभारली. चौदा वर्षांत ते काटे हलले नव्हते. याचा दुसरा काय अर्थ घ्यायचा?

गाडी मी चालवायची होती. ह्यांच्याकडे लायसन्स आहे, पण ते मुंबईत कधीकाळी काढलेलं आणि तेव्हापासून न वापरलेलं. मी सिंगापुरात परीक्षा देऊन काढलं, गाडी घ्यायची ऐपत नसताना, नुसत्या हट्टाने. आता तिथं गाडी डावीकडून चालते आणि इथं उजवीकडून, हे तर माहीत होतं. पण आतल्या दांड्यासुद्धा उलट्या असतात हे कुणी सांगितलं नव्हतं. वळायचं म्हणून इंडिकेटर द्यायला जावं की वायपर सुरू. पहिला अख्खा दिवस त्या रखरखीत उन्हात आमची गाडी प्रत्येक वळणावर काच पुसत चालली होती. मागून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने आम्हाला ओलांडताना आभाळाकडे बोट दाखवून खांदे उडवले. केतकी मागच्या सीटवर हसून लोळत होती. "आई, एव्हरीबडी लुकिंग अॅट अस लाह."

चीफसाहेब शेजारी बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. उजवीकडे घे, अंतर ठेव, आणि मग डोळे मिटून, "तिसऱ्या सिलिंडरला जरा खोकला आहे." सहा महिने ज्याच्या हाताखाली घराएवढं इंजिन असतं त्याला ही गाडी म्हणजे खेळणं. तरी घाट आला की हे कान टवकारायचे आणि बोलणं थांबवायचे.

झायनच्या दरीत आपण तळाशी असतो आणि भिंती वर जातात. लाल, मग गुलाबी, मग पांढऱ्या. खाली नदी, तिच्या काठाला पिंपळासारखी सळसळणारी झाडं. नदीतून चालत वर जायची वाट आहे. पाणी इतकं गार की घोट्यात कळ आली. दोन्हीकडच्या भिंती जवळ येत जातात आणि आभाळाची नुसती पट्टी उरते. लोक काठ्या टेकत चालले होते. केतकी थांबली आणि मला म्हणाली, "आई, कॅन गो फर्दर ऑर नॉट?"

मी म्हटलं, "बाबांना विचार. पाण्यातलं त्यांना कळतं."

तिने बाबांकडे बघितलं. हे सवयीने म्हणाले, "आईला विचार." आणि मग आम्ही तिघंही गुडघाभर पाण्यात उभे राहून एकमेकांकडे बघत राहिलो. एक अमेरिकन आजी मागे खोळंबल्या होत्या. शेवटी त्याच म्हणाल्या की पुढे जा, छान आहे, आणि आम्ही निघालो.

ब्राइस आणि चेरीची बाग

ब्राइसला आम्ही कापलो थंडीने. वाळवंट म्हणून मी सुती कपडे घेतले होते आणि ते ठिकाण महाबळेश्वरच्या दुप्पट उंचीवर. सकाळी कठड्यापाशी जाऊन बघितलं तर खाली हजारो केशरी सुळके उभे. पंगत उठल्यावर हात धुवायला उभी राहिलेली माणसं असतात ना, तसे, काही पुढे झुकलेले, काही शेजाऱ्याशी कुजबुजणारे. "साते स्टिक्स," काडीला खोचून भाजलेले मांसाचे तुकडे, असा केतकीने निकाल दिला. तिला भूक लागली होती.

तिथून पूर्वेला कॅपिटल रीफ. नाव मोठं, पण इथं फारसं कुणी थांबत नाही, लोक पुढे पळतात. आम्हीही पळणार होतो. उघड्या लाल डोंगरांच्या मधोमध एकदम हिरवी झाडं दिसली म्हणून गाडी वळवली (तोपर्यंत मला इंडिकेटर सापडला होता). जुन्या वसाहतवाल्यांनी लावलेल्या फळबागा आहेत. ती गावं उठून गेली, झाडं राहिली, आता सरकार सांभाळतं. फाटकाशी एक म्हातारे गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. बागेत उभं राहून हवं तेवढं खा, बरोबर न्यायचं तेवढ्याचेच पैसे, असा तिथला नियम त्यांनी सांगितला. म्हसवडला कुणी असा नियम केला तर बाग उभी राहील का, हा विचार माझ्या मनात आलाच.

तीन पायांची शिडी घेऊन हे झाडावर चढले आणि वरून चेरीचे घोस खाली सोडायला लागले. केतकी खाली माझी ओढणी पसरून झेलत होती. रस तिच्या कोपरापर्यंत ओघळला होता. मध्येच ती ओरडली, "बाबा, आय वाँट टु क्लाइंब अल्सो! कॅन?"

मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. वरून चेरी पडायच्या थांबल्या.

"ये," हे म्हणाले. "तिसऱ्या पायरीवर एक हात नेहमी शिडीला. जहाजावरचा नियम आहे. एक हात कामाला, एक हात स्वतःला."

ती चढली. त्या दुपारी मी गवतावर पडून वरच्या फांद्यांतल्या चार पायांकडे बघत होते, दोन मोठे, दोन लहान, आणि मनातल्या मनात ह्यांच्या ऑफिसच्या शर्टांना इस्त्री करत होते. बुधवारी फिकट निळा. डब्यात पोळी-भाजी न्यायला आवडेल की हॉकर सेंटरमधल्या टपऱ्यांवर जेवतील? इतकं सगळं माझं ठरलं.

मोआब

मोआब गावात आम्ही ज्या मोटेलात उतरलो तिथं काउंटरमागे फोटोला अगरबत्ती. पळसाला पाने तीनच, वाळवंटातल्या मोटेलला पटेलच. हंसाबेन माझ्याच वयाच्या. आमचं आडनाव वाचल्याबरोबर त्यांनी किल्लीच्या आधी विचारलं, "खिचडी खाएंगे?" आठ दिवस पाव आणि बटाटे खाल्लेल्या माणसाला हा प्रश्न विचारायची गरज नव्हती. आंधळा मागतो एक डोळा, तिथं तर वर कढीही होती.

जेवताना बोलणं निघालं. माझे मिस्टर जहाजावर असतात, सहा-सहा महिने घरी नसतात, असं मी सांगितलं. मला वाटलं, आता नेहमीचं येईल, अरेरे, कसं काढता तुम्ही दिवस. हंसाबेननी हातातला डाव खाली ठेवला. "बेन, आप तो नसीबवाले हो," त्या म्हणाल्या. मग काउंटरकडे हात केला, जिथं त्यांचे यजमान टीव्हीपुढे पाय पसरून बसले होते. "ये आदमी चौबीस घंटा मेरे सामने है. उन्नीस साल से. एक बार बोलो, कौन से जहाज में भरती होती है?"

पटेलभाईंनी टीव्हीवरची नजर न काढता सांगितलं, "मेरे को समंदर में उलटी होती है." इतके हसलो आम्ही, की केतकी आत धावत आली काय झालं बघायला. घरोघरी मातीच्या चुली. तरी खोलीत परतल्यावर मला वाटलं की हंसाबेनना हसता येतं, कारण तो माणूस तिथं बसलेला आहे.

कॅनियनलँड्स

आतापर्यंत जे बघितलं ते सुंदर होतं. इथं जे दिसलं त्याला सुंदर म्हणायचं का, मला ठाऊक नाही. एका सपाट पठाराच्या टोकाला रस्ता संपतो. गाडीतून उतरून दगडावर चार पावलं गेलं की जमीन खाली सुटते, मग पुन्हा एक सपाटी, तिच्यात पुन्हा दरी, तिच्या तळाशी कुठेतरी नदी, आणि त्या सगळ्याच्या पलीकडे लाल-तपकिरी उघडी भुई दूरवर आभाळाला टेकलेली. घर नाही, तार नाही, झाड म्हणावं असं झाड नाही. खुरटी झुडपं आणि वारा. वाऱ्याला वास होता, तापलेल्या मातीचा. तो वास आला आणि माझे डोळे भरून आले.

मी खाली बसले. माझी आई शेणी थापायची त्या माळावरून असंच दिसायचं. एवढं भव्य नव्हतं, दरी तर मुळीच नव्हती, पण नजर अशीच जायची, अडखळल्याशिवाय. चौदा वर्षं डोळे बारीक करून जगले असं वाटलं. हे शेजारी येऊन बसले. पाण्याची बाटली पुढे केली.

"माहेरी आल्यासारखं वाटतंय," मी म्हटलं.

हे दूरवर बघत होते. चेहरा इतका निवांत मी घरी कधी पाहिला नाही. झोपेतही नाही.

"मला जहाजावर असल्यासारखं वाटतंय," हे म्हणाले. "पहाटे इंजिनरूममधून वर येऊन डेकवर उभं राहिलं की असंच दिसतं. चारी बाजूंना काही नाही. मग बरं वाटतं." थोड्या वेळाने म्हणाले, "फ्लॅटमध्ये मला छाती भरून श्वास घेता येत नाही गं. तुम्ही दोघी असता म्हणून मी बोलत नाही."

मला म्हणता आलं असतं की मला तरी कुठे येतो. मलाही त्या फ्लॅटमध्ये लांबचं दिसत नाही, आणि मी तिथं राहते ती तुमच्या जहाजाला हे बंदर सोयीचं आहे म्हणून. पण मी ठरवलं होतं ना, एक अक्षर काढायचं नाही. आम्ही दोघं एकाच दरीच्या काठावर बसलो होतो आणि मी माहेरी होते, हे समुद्रावर. केतकी मागे दगडांचा मनोरा रचत होती.

नवाहोंच्या मुलखात

गुरुवारी दक्षिणेला उतरलो. तिथली गुरुवार संध्याकाळ म्हणजे बेडोकची शुक्रवार सकाळ. सपाट वाळूतून एकेक प्रचंड लाल खडक उठलेला, आजूबाजूला काही नाही, असा तो नवाहो आदिवासींचा मुलूख. त्यांचं घड्याळही वेगळं. त्यांच्या हद्दीत एक वेळ चालते आणि हद्दीबाहेर त्याच राज्यात एक तास मागची. रस्त्याकडेच्या दुकानात लोकरीच्या घोंगड्या, चांदीचे दागिने, आणि बाहेर एका तंबूत एक नवाहो बाई कढईत पोळ्या तळत होती. "भटुरा!" असं मी आणि हे एकदमच म्हणालो. तिने वर मध घालून दिला. तेवढ्यात इथं घड्याळ कोणतं धरायचं, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही इथं आहात ना? मग आमचं धरा."

दुकानाच्या भिंतीला फोनचा खोका होता. हे कार्ड घेऊन तिकडे गेले. मी आणि केतकी गाडीच्या बॉनेटला टेकून पोळी खात होतो. उन्हं तिरपी झाली होती, खडकांच्या सावल्या रस्त्यापर्यंत आल्या होत्या. केतकी काहीतरी सांगत होती, माझं लक्ष नव्हतं. मला ह्यांची पाठ दिसत होती. रिसीव्हर खांद्यात धरून बोलत होते. फार नाही, चारपाच वाक्यं. मग रिसीव्हर जागेवर ठेवून तिथंच उभे राहिले आणि मनगट वर घेऊन घड्याळाची किल्ली ओढली, काटे फिरवले. इथली वेळ लावत असतील, मला वाटलं. त्या बाईचं ऐकलं म्हणायचं.

परत आले तेव्हा मी ठरवलेलं विसरले. "काय म्हणाले साहेब?"

"बोलणं झालं," हे म्हणाले. "दरी बघून होऊ दे. मग सांगतो." आणि केतकीच्या हातातल्या पोळीचा मोठा तुकडा तोडून तोंडात टाकला. ती किंचाळली. हे हसले. तुकडा न विचारता घेतला होता, हक्काने. मला वाटलं, झालं. माणूस आला घरी. त्या रात्री मी शांत झोपले.

ग्रँड कॅनियन

दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. या दरीचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी केलं त्यांचंही मला पटलेलं नाही. एवढंच सांगते, की काठावर शेकडो माणसं होती, आणि दरीकडे तोंड करून उभं राहिलेला प्रत्येक माणूस हळू आवाजात बोलत होता. हे उरलेला दिवस केतकीबरोबर होते. तिला दगडांचे थर दाखवत होते, कुठला जुना, कुठला त्याहून जुना. ऊन कडक म्हणून लांब बाह्यांचा शर्ट घातला होता. आज सांगतील, मी म्हणत होते. जेवताना सांगतील. नाही सांगितलं.

सूर्योदय बघायला पहाटे निघालो. काठावर बसलो तेव्हा दरीत नुसता काळोख होता, मग निळसर, मग समोरच्या भिंतीच्या अगदी वरच्या कडेवर एक केशरी रेघ उमटली आणि हळूहळू खाली उतरायला लागली. एका थरावरून दुसऱ्या थरावर. कुणीतरी कॅमेऱ्याचं रीळ गुंडाळलं तेवढाच आवाज.

केतकी आम्हा दोघांच्या मध्ये बसली होती, एका शालीत. ती बाबांकडे वळली. माझ्याकडे नाही, बाबांकडे. "बाबा, व्हॉट टाइम इज इट?" आणि उत्तराची वाट न बघता तिने ह्यांची बाही वर सारली, मनगट आपल्याकडे वळवलं.

"एट फिफ्टीन? अय्यो, सन जस्ट कम आउट ओन्ली. बाबा, युअर वॉच स्पॉइल ऑलरेडी."

मी घड्याळाकडे बघितलं. सव्वाआठ. बेडोकला रात्रीचे सव्वाआठ. खालच्या हॉकर सेंटरमध्ये शेवटची गर्दी असेल. आमच्या फ्लॅटमध्ये अंधार असेल.

"बिघडलं नाही," हे म्हणाले. "घरची वेळ आहे ती."

केतकीला काही कळेना. तिने शालीतून मान वर काढली, एकदा ह्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "बट वी ऑल हिअर, वॉट," ती म्हणाली.

केशरी रेघ दरीच्या मध्यापर्यंत आली होती. मला राग आला. तो लपवण्यात अर्थ नाही. ते घड्याळ त्या हातातून ओढून खाली भिरकावून द्यावं असा राग आला. तिथं पाटी होती, दरीत काही टाकू नये म्हणून, तीच काय ती आड आली. वडिलांनी दिलेलं घड्याळ, त्याचे काटे इतके दिवस माझ्या बाजूला होते, आणि फोनच्या त्या खोक्यापाशी, माझ्या डोळ्यांदेखत, हा माणूस मला सोडून समुद्रावर परत गेला होता. मी तेव्हा मध लावलेली पोळी खात होते.

"कधी?" मी विचारलं.

"जुलैअखेर. रॉटरडॅमहून." मग म्हणाले, "मी हो म्हणायलाच फोन लावला होता, कुंदा. खरंच. तोंडातून निघेना."

मी त्यांच्याकडे बघितलं नाही, दरीकडे बघितलं. तीन दिवसांपूर्वी, त्या पठाराच्या टोकाला, मी खाली बसून रडले होते, कारण लांबचं दिसलं. मला कुणी विचारलं असतं की याच्याऐवजी रोज एमआरटीने ऑफिसला जाशील का, तर माझ्या तरी तोंडातून काय निघालं असतं? मी नोव्हेनाला जातेच, ती गोष्ट वेगळी. मी हो म्हटलं होतं. काहींना म्हणता येतं, काहींना येत नाही. ह्यांना समजून घेता येत होतं, तरी राग गेला नाही. आजही पुरता गेलेला नाही.

केतकी मध्येच बसून होती. बहुतेक सगळं कळलं होतं तिला. तिने ह्यांचा हात सोडला नाही, घड्याळाचाच हात.

बेडोक

परत येऊन आता काही महिने झाले. हे जुलैअखेर गेले, विमानाने, समुद्राकडे. निघताना कपबशी विचारून धुतली. पत्रं येतात, पूर्वीपेक्षा मोठी. एकात वाळवंटाचा फोटो होता, कुठल्याशा आखाताचा किनारा, मागे लिहिलं होतं की हा तुझ्या माळासारखा आहे, पण वास नाही. रविवारी संध्याकाळी मी ईस्ट कोस्टला जाऊन बसते. नांगर टाकलेली जहाजं रांगेने दिवे लावून उभी असतात. पूर्वी मी जहाजं बघायचे, आता त्यांच्या मागची रेघ बघते. शहरात एवढी एकच जागा आहे जिथून लांबचं दिसतं. इतकी वर्षं माझ्या लक्षात आली नव्हती.

त्या सहलीतलं आमच्याकडे आणखी काय उरलं? फोटो आहेत, नवाहो बाईकडून घेतलेली छोटी घोंगडी आहे, आणि केतकीने परतताना विमानतळावर घेतलेलं प्लास्टिकचं घड्याळ. परवा सकाळी तिची शाळेची बस चुकली. खालून धापा टाकत वर आली, दप्तर टेकवलं आणि कानशील खाजवत म्हणाली, "सॉरी आई, आय अॅड राँग."

मला आधी काही कळलं नाही. मग मी तिचं मनगट हातात घेऊन बघितलं. घड्याळात मध्यरात्र उलटून गेली होती. बाबांच्या नुकत्याच आलेल्या पत्रात जहाज जिथं होतं, तिथली वेळ.

मी रागावले नाही. टॅक्सी केली आणि तिला शाळेत सोडून आले.